मोबाईलमधले हिरे आणि आईचं खातं

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर पोरांचं काम, यात आपल्याला काय करायचं? पण बघा, पोरगं ज्या फोनवर खेळतं तो फोन आपला असतो. सिम आपल्या नावाचं असतं. त्या नंबरला जोडलेलं खातंही बऱ्याचदा आपलंच असतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार त्यातच येतात, दुधाचे आणि मजुरीचे पैसे त्यातच येतात आणि गटाचा हप्ताही त्यातूनच जातो. खेळात फसतं पोरगं, पण हप्ता चुकतो आईचा. म्हणून हा विषय गटाच्या बैठकीत बोलायचा आहे.

खेळ फुकट, मग पैसे कशाचे?

बैठकीत आम्हाला पहिला प्रश्न हाच येतो. यात्रेत आत जायला तिकीट लागत नाही, पण आत गेल्यावर पाळणा, खेळणी, गोडीशेव सगळं विकत असतं. या खेळांचं तसंच आहे.

पोरं जास्त करून बंदुकांचे खेळ खेळतात. त्यातला पबजी मोबाईल सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंद केला. त्याच्या जागी २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीचा बीजीएमआय आला. सिंगापूरच्या गरीना कंपनीच्या फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याच कंपनीचा फ्री फायर मॅक्स पोरं खेळतात.

हे खेळ घ्यायला पैसे पडत नाहीत. पण खेळातल्या माणसाचे कपडे, बंदुकीचा रंग, नाचण्याच्या तऱ्हा या वस्तू विकत असतात. पोरं त्यांना स्किन, बंडल, इमोट म्हणतात. त्या घ्यायला खेळातलं वेगळं चलन लागतं. फ्री फायरमध्ये त्याला डायमंड म्हणजे हिरे म्हणतात, बीजीएमआयमध्ये यूसी. हे चलन खऱ्या रुपयांनी भरावं लागतं, त्याला टॉप-अप म्हणतात. शंभर हिऱ्यांचा भाव साधारण ८० रुपयांच्या आसपास असतो. आणि ज्या खात्यात या सगळ्या वस्तू जमा होतात, त्या खात्याला पोरं ‘आयडी’ म्हणतात. दोन-तीन वर्षं खेळून सजवलेली आयडी म्हणजे पोरांच्या दृष्टीनं भरलेलं घर.

रम्मीसारखे पैसे लावून जिंकायचे खेळ वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आज आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही.

बाजार दोन, त्यातला एक बिनकाट्याचा

या वस्तू घ्यायचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता खेळाच्या आतल्या दुकानाचा किंवा प्ले स्टोअरचा. तिथं पैसे कंपनीला जातात, पावती मिळते, वस्तू लगेच जमा होते. खर्च करायचा की नाही हा घरातला प्रश्न, पण फसवणुकीचं भय कमी.

दुसरा रस्ता पोरापोरांच्या बाजाराचा. टेलिग्राम, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाहिरात येते, ‘जुनी आयडी विकणे आहे’, ‘अर्ध्या भावात डायमंड’. इथं विकणारा कोण, कुठला, किती वयाचा, काहीच माहीत नसतं. मोठी अडचण अशी की आयडीची खरेदी-विक्री या कंपन्यांच्या नियमातच बसत नाही. त्यामुळे भांडण झालं तर कंपनी मध्ये पडत नाही. उलट आयडी कायमची बंदही करू शकते.

ही आयडी घेणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. समजा, एखाद्यानं तुम्हाला शेत विकलं, पैसे घेतले, बांध दाखवला, ताबाही दिला. पण सातबारा त्याच्याच नावावर राहिला. तो उद्या येऊन म्हणाला, शेत माझं, तर? आयडीचं हेच होतं. ती ज्या फेसबुक किंवा जीमेल खात्यातून उघडली, तोच तिचा सातबारा. मूळ मालक पासवर्ड दिल्यानंतरही ‘माझं खातं चोरीला गेलं’ असं सांगून ते परत मिळवू शकतो. मग तीच आयडी तो दुसऱ्या पोराला विकतो.

बहिणींनो, व्यवहाराची अक्कल आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. कापसाच्या दिवसांत खेडा खरेदीवाला दारात येतो. बाजारापेक्षा चढा भाव सांगतो. तेव्हा आपण तीनच गोष्टी विचारतो. काटा कुणाचा? पैसे रोख की उधार? आणि उद्या हा माणूस सापडेल कुठं? मोबाईलच्या बाजारात हेच तीन प्रश्न पोराला विचारायला शिकवायचे. काटा नेहमी समोरच्याचा असतो, पैसे आधी मागितले जातात आणि उद्या तो माणूस सापडत नाही. तिन्ही उत्तरं अशी आली की सौदा तिथंच सोडायचा.

फसवायच्या तऱ्हा

पहिली तऱ्हा साधी. ‘आधी पैसे टाक, मग पासवर्ड देतो.’ पैसे गेले की नंबर ब्लॉक. कधी आधी थोडे पैसे घेतात, मग ‘आयडी उघडायला आणखी पाचशे लागतील’, मग ‘हे परत मिळणारं डिपॉझिट आहे’ असं करत वाढवतात. गेलेले पैसे वाचवायला पोरगं आणखी पैसे टाकत जातं.

दुसरी तऱ्हा मध्यस्थाची. ‘आपण दोघं ॲडमिनकडे पैसे ठेवू, आयडी मिळाली की तो मला देईल.’ ऐकायला दलालीसारखं बरं वाटतं. पण तो ॲडमिन बऱ्याचदा त्याच माणसाचा दुसरा नंबर किंवा जोडीदार असतो. ग्रुपवर ‘मला मिळाली, भाऊ विश्वासू आहे’ असं लिहिणारेही त्याचेच. बैलबाजारात खोटे गिऱ्हाईक उभे करून भाव चढवतात, तसलाच हा प्रकार.

तिसरी तऱ्हा अर्ध्या भावाच्या हिऱ्यांची. ‘८० चे हिरे ४० ला, फक्त तुझा लॉगिन दे.’ लॉगिन दिलं की आयडी गेली. त्याच जीमेलवर आईचे फोटो, कागदपत्रं, बँकेचे ईमेल असतील तर तेही त्याच्या हाती. कधी हिरे खरंच येतात, पण ते कुणाच्या तरी चोरीच्या कार्डावरून भरलेले असतात. कंपनीला कळलं की हिरे काढून घेतले जातात आणि आयडी बंद होते.

चौथी तऱ्हा फुकटाची. ‘या लिंकवर जा, हजार डायमंड फ्री.’ लिंक उघडली की फेसबुकसारखंच दिसणारं पान येतं आणि पासवर्ड मागतं. ते पान खोटं असतं. किंवा एपीके नावाची फाईल येते, ‘ही टाकली की सगळ्या बंदुका उघडतील.’ अशी फाईल फोनमध्ये बसली की आपले मेसेज वाचू शकते, म्हणजे बँकेचा ओटीपीही वाचू शकते. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली कोणतीही फाईल आपल्या फोनमध्ये घालायची नाही, हा नियमच करा.

पाचवी तऱ्हा पोरगं स्वतः आयडी विकायला निघतं तेव्हाची. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन कर आणि पिन टाक.’ इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, शेजारणीलाही सांगा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार. तसंच, पैसे पाठवल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. असे फोटो बनवता येतात. खात्यातली शिल्लक बघितल्याशिवाय काही द्यायचं नाही.

सहावी तऱ्हा आपल्या गटांसाठी सगळ्यात वाईट. पोराला सांगतात, ‘तुझ्या आईच्या खात्यावर थोडे पैसे येतील, ते पुढं पाठव, तुला फुकट डायमंड.’ ते पैसे दुसऱ्या कुणाला तरी फसवून आणलेले असतात. तक्रार झाली की पोलीस ज्या ज्या खात्यातून पैसे फिरले तिथं रोख लावतात. मग आईचं खातं गोठतं. लाडक्या बहिणीचे पैसे जमा होतात पण काढता येत नाहीत. हप्ता थकतो, वर पोलीस ठाण्यात उत्तरं द्यावी लागतात. आपलं खातं, सिम, एटीएम कार्ड कुणालाही, कितीही थोड्या वेळासाठी, वापरायला द्यायचं नाही.

आणि एक तऱ्हा पोरींच्या बाबतीत. पोरीही हे खेळ खेळतात. ‘डायमंड देतो, फोटो पाठव’ असं कुणी म्हणालं तर तो खेळातला सौदा नाही, गुन्हा आहे. अशा वेळी पोरीला दोष न देता मेसेज जपून ठेवा आणि चाइल्डलाइनच्या १०९८ नंबरवर किंवा पोलिसांना कळवा.

पैशापेक्षा मोठं नुकसान

ऑगस्ट २०२१ मधली मुंबईतल्या जोगेश्वरीची बातमी तुमच्यापैकी काही जणींनी ऐकली असेल. सोळा वर्षांच्या एका मुलानं पबजीची आयडी आणि यूसी घेण्यासाठी आईच्या खात्यातून तब्बल १० लाख रुपये घालवले. घरी कळलं, रागावणं झालं, आणि चिठ्ठी लिहून तो घर सोडून गेला. पोलिसांनी शोधला तेव्हा तो अंधेरीला महाकाली गुंफांजवळ सापडला. समजूत घालून त्याला आई-वडिलांकडे सोपवलं.

तो मुलगा परत आला. पण त्याच्या आधीच्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, शेजारच्या मध्य प्रदेशात छतरपूरला तेरा वर्षांच्या मुलानं फ्री फायरमध्ये ४० हजार गेल्यावर जीव दिला. पैसे कापल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, ती कामावर होती, तिथूनच ती फोनवर रागावली. कुठलीही आई रागावली असती, दोष त्या माउलीचा नाही. पण या दोन घटना एकच गोष्ट सांगतात. रक्कम एका दिवसात एवढी होत नाही. आधी थोडे जातात, पोरगं घाबरतं, लपवतं, ते भरून काढायला आणखी घालवतं. पोरगं पहिल्या चुकीला बोललं, तर नुकसान तिथंच थांबतं.

म्हणून आमचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे की, काही घडायच्या आधीच पोराला शब्द द्या, ‘बेटा, कुणी फसवलं तर पहिल्यांदा मला सांग. मी मारणार नाही.’ आणि तो सांगेल त्या दिवशी शब्द पाळा. राग येईलच. तो दोन दिवसांनी काढा. फसवणारे पोराला धमकी देतात, ‘सौदा मोडलास तर पोलिसात देईन, घरी सांगेन.’ पोराला समजावून सांगा की अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार १८७२ च्या करार कायद्यानं मुळात धरलाच जात नाही. त्या धमकीत दम नाही.

पोरगं गप्प गप्प झालं, जेवेना, झोपेना, जगण्याबद्दल वाईट बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे. तिथं फोनवर मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येतं.

पैसे गेले तर काय करायचं?

पहिलं काम, १९३० या नंबरवर फोन. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. इथं माहिती मिळाली की ती लगेच बँकेकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यात अजून पडून असतील तर ते तिथंच अडवता येतात. फसवणारे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. म्हणून घरचे येऊ देत, मग बघू, असं करू नका. तासाभरात केलेला फोन आणि दोन दिवसांनी केलेला फोन यात फार फरक पडतो.

फोन करताना हे जवळ ठेवा: आपल्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, पैसे किती गेले, कोणत्या दिवशी, किती वाजता, समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा नंबर, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. बोलणं झालेल्या मेसेजचे फोटो काढून ठेवा. पोरगं घाबरून चॅट पुसून टाकतं, तसं करू देऊ नका. तोच आपला पुरावा.

दुसरं काम, बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकानं चुकून पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं सांगितलं आहे. म्हणजे कळवायला जेवढा उशीर, तेवढं आपलं नुकसान.

तिसरं काम, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार. ‘खेळातल्या वस्तूची काय तक्रार करायची, लोक हसतील’ असं वाटतं. वस्तू खेळातली असली तरी पैसे खरे आहेत. मोबाईलवरून दुसराच कुणी आहे असं भासवून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

खरेदी प्ले स्टोअरमधून झाली असेल तर परतावा मागता येतो. मिळेलच असं नाही, पण अर्ज त्याच दिवशी करा. आणि ‘तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा कुणी भेटला तर तो दुसरा चोर समजा.

आजच फोनमध्ये करायच्या गोष्टी

एक, यूपीआयचा पिन फक्त आपल्याला माहीत हवा. पोराला माहीत असेल तर आजच बदला. पैसे पाठवायचं काम पोराकडून करून घेतलं तरी पिन आपण स्वतः टाकायचा.

दोन, फोनमध्ये पोराच्या बोटाचा ठसा नोंदवलेला आहे का बघा. असेल तर काढा, नाहीतर कुलूप लावून किल्ली त्याच्याच हातात दिल्यासारखं होतं.

तीन, यूपीआय लाइट चालू आहे का बघा. त्यात एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिन न विचारता जातात. गरज नसेल तर बंद करा. ‘ऑटोपे’ नावाखाली कुणाला परवानगी दिलेली आहे का तेही बघा. एकदा दिली की पुढचे पैसे मर्यादेपर्यंत आपोआप कापले जातात.

चार, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा. एटीएम कार्डाचा नंबर तिथं साठवलेला असेल तर काढून टाका.

पाच, बँकेचे मेसेज येतात तो नंबर आणि खेळायचा फोन शक्य असेल तर वेगळा ठेवा. एकच फोन असेल तर रोज संध्याकाळी शिल्लक बघायची सवय लावा. पन्नास रुपये गेलेले दिसले तर पाच हजार वाचतात.

हे एकटीनं जमत नसेल तर लाजू नका. गटात एखादी तरी शिकलेली सून किंवा कॉलेजची मुलगी असतेच. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की अर्धा तास याला द्या. सगळ्या जणींनी आपापला फोन काढा, त्या मुलीकडून या पाच गोष्टी एकेक करून बघून घ्या. फक्त पिन टाकताना फोन आपल्या हातात ठेवा. आणि गटाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर, जिथं बँकेचा नंबर लिहिलेला असतो, तिथंच १९३० लिहून ठेवा.

पोरांचा खेळ हिसकावून घ्या असं आम्ही म्हणत नाही. अभ्यास आणि काम झाल्यावर खेळू द्या. कधी वाढदिवसाला पन्नास-शंभरचे हिरे द्यायचेच असतील तर आपल्या समोर, खेळाच्या आतल्या दुकानातून, आपल्या हातानं पिन टाकून घ्या. पोराला कळेल की आई या गोष्टीत शहाणी आहे, तिला विचारता येतं. बाहेरचा सौदा समोर आला की मग ते आधी तुमच्याकडे येईल.

बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.